‘जसं आहे तसं’ म्हणजे कधीचं तसं?

नमस्कार,

रोलँडच्या ज्युनो-१०६ या जुन्या सिंथेसायझरच्या दुरुस्तीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि कडक शब्दांत लिहिलंत. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण त्यातला एक मुद्दा मला खरोखर लागला आणि त्याची शहानिशा करायची होती.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मी सहाही मूळ चिप्स काढून नव्याने बनवलेल्या नकला बसवल्या, म्हणजे वाद्याचा आत्माच गेला. कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सरसकट बदलले. जुन्या ऑसिलेटरचा, म्हणजे सूर निर्माण करणाऱ्या भागाचा, सूर जरा हलतो त्यातच त्याची गोडी असते, ती मी जुळवाजुळव करून घालवली. आणि जुनं वाद्य जसं आहे तसं ठेवणं हाच त्याचा मान. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमचा कोर्ग पॉलिसिक्स हा सिंथ बारा वर्षं कपाटात आहे आणि त्याचा एक स्क्रूही तुम्ही कुणाला उघडू दिलेला नाही. या वाक्याकडे मी शेवटी येतो. पण खरी घाई तिथेच आहे, तेव्हा वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा आणि आधी शेवटचा भाग वाचा.

कपॅसिटरबद्दल तुमचं बरोबर आहे. मी काढलेले सगळे कपॅसिटर पुडीत बांधून ठेवले होते. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते बाहेर काढले आणि एकेक मोजला. पॉवर सप्लायमधले दोन मोठे कपॅसिटर खरंच गेलेले होते. त्यांचा आतला रोध इतका वाढला होता की आवाजामागे सतत घूं ऐकू यायचं. ते बदलणं भागच होतं. पण आवाजाच्या वाटेवर जे छोटे कपॅसिटर होते, त्यातले बहुतेक अजून मापात होते. ते मी न मोजता बदलले. चाळीस वर्षांच्या बोर्डवर प्रत्येक जादा सोल्डरिंग म्हणजे एक जादा जोखीम असते, आणि एका ठिकाणी तांब्याचा पॅड उचकटलाही. तिथे मला बारीक वायरचा पूल करावा लागला. आधी मोजायचं, मग हात लावायचा, हे मी इतरांना सांगतो आणि इथे स्वतः पाळलं नाही. मूळ लेखात ही दुरुस्ती मी आज घातली आहे.

चिप्सचं मात्र वेगळं आहे.

ज्युनो-१०६ हा १९८४ चा. सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी एकेक सूर वाजवणारे सहा भाग, आणि प्रत्येक व्हॉइसला एक ८००१७ए. आपण तिला चिप म्हणतो, पण ती खरं तर एक छोटा बोर्ड आहे: सिरॅमिकच्या पट्टीवर फिल्टरसाठी (आवाजातले काही अंश गाळणाऱ्या भागासाठी) आयआर३१०९ आणि आवाजाची पातळी सांभाळायला बीए६६२ जातीचे भाग, आणि या सगळ्यावर काळ्या राळेसारखा थर. घात करतो तो हा थर. वर्षं जातात तसा तो अगदी थोडी वीज वाहू देतो. आतल्या काही बिंदूंवरचे प्रवाह इतके सूक्ष्म असतात की एवढी गळतीही पुरते. मग एखादा व्हॉइस खरखरतो, एखादा पट्टी सोडल्यावरही मागे बारीक कण्हत राहतो, एखादा गप्पच होतो.

त्या थरात वाद्याचा आत्मा होता, हे मला पटत नाही. फिल्टरचा स्वभाव आयआर३१०९ मध्ये आणि त्याच्या भोवतीच्या मांडणीत आहे. हेच आयआर३१०९ रोलँडच्याच ज्युपिटर-८ मध्ये आणि ज्युनो-६० मध्ये सुटे, उघडे, बोर्डवर लावलेले असतात. त्यांच्यावर असला थर नाही, आणि त्यांच्या आवाजाला कुणी निर्जीव म्हणत नाही.

तरीही मी थेट नकलांकडे गेलो नव्हतो. आधी सहाही चिप्स काढून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवल्या. दुसऱ्या दिवशी थर फुगून मऊ झाला, जुन्या डांबरासारखा, आणि लाकडी काडीने हळूहळू सुटू लागला. हे काम घाईचं नाही. पाय सगळे एका ओळीत असतात आणि दोनदा वाकले की तुटतात. सहापैकी पाच परत बोलल्या. त्यातली एक तीन आठवडे गायली आणि पुन्हा खरखरायला लागली. महिन्याभरात दुसरी. दर वेळी बोर्ड बाहेर, दर वेळी त्याच पॅडला पुन्हा उष्णता. तेव्हा मी ठरवलं की एकदाच सॉकेट बसवायचे आणि त्यात नव्या चिप्स. ज्या तीन मूळ चिप्स चांगल्या आहेत त्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून वाद्याच्या झाकणाच्या आत चिकटवल्या आहेत. उद्या कुणाला त्याच हव्या असतील तर सोल्डरिंग न करता परत लावता येतील.

आणि आवाज? पॉवर ऑन करताना ‘की ट्रान्स्पोज’ हे बटण दाबून धरलं की ज्युनो टेस्ट मोडमध्ये जातो आणि प्रत्येक पट्टीला कुठला व्हॉइस बोलतोय त्याचा आकडा दाखवतो. नव्या चिप्स बसवल्यावर मी प्रत्येक व्हॉइसचा फिल्टर स्वतःच्याच रेझोनन्सवर (घुमण्यावर) शीळ घालेपर्यंत नेला आणि सहाही शिळा एका सुरात येईस्तोवर ट्रिमर (जुळवणीचे छोटे स्क्रू) फिरवले. दुपार गेली. हे न करता नुसत्या चिप्स बदलून आवाज ‘कोरडा झाला’ म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या कानांना दोष देत नाही. सहा फिल्टर सहा ठिकाणी उघडत असतील तर तेच ऐकू येणार. पण तो दोष जुळवणीचा, नकलेचा नाही.

तुम्ही हे वाद्य वाजवलं असेल तर एक गोष्ट नक्की आठवेल. एक व्हॉइस मेलेला असला की तो ठरावीक पट्टीवर मरत नाही. व्हॉइस आळीपाळीने वाटले जातात, त्यामुळे दर सहावा सूर गायब, आणि तो दर वेळी वेगळ्या जागी. वाजवणारा नकळत हात आखडतो, स्वरसंघात एक बोट जादा ठेवतो, जिथे सूर हरवला तर कळणार नाही अशाच जागा शोधत राहतो. मी या ज्युनोच्या मालकांना असं वाजवताना पाहिलंय. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा दोन्ही हातांनी पूर्ण सहा स्वर धरले तेव्हा त्यांनी ते सोडलेच नाहीत, कोरस (आवाज दाट करणारी सोय) चालू करून नुसते ऐकत बसले.

आता हलणाऱ्या सुराबद्दल. इथे तुमची थोडी गल्लत होते आहे. ज्युनो-१०६ चा सूर हलतच नाही, कधीच हलत नव्हता. त्यातले ऑसिलेटर डिजिटल घड्याळाला भाग देऊन चालतात. लाट अ‍ॅनालॉग, पण तिची वेळ ठरवणारा काउंटर डिजिटल. तुम्हाला जी ऊब ऐकू येते ती मुख्यतः कोरसची आहे: आवाज जरा उशिरा पुढे सोडणाऱ्या दोन एमएन३००९ बकेट ब्रिगेड चिप्स, एक वेळ वाढवते तेव्हा दुसरी कमी करते, आणि दोन्ही बाजूंना आवाज थोडा सरकत राहतो. त्या मी मोजल्या, चांगल्या होत्या, त्यांना हात लावलेला नाही. तेव्हा जी गोडी मी घालवली म्हणता ती आहे तिथेच आहे.

जिथे सूर खरंच हलतो, मिनिमूगसारख्या जुन्या अ‍ॅनालॉग सिंथमध्ये, तिथेही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या तरच दुरुस्ती नीट होते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. तीन ऑसिलेटर एका सुरात लावले तरी ते एकमेकांपासून केसभर सरकत राहतात आणि त्यांच्यात संथ लाटा उठतात. ही त्या वाद्याची श्वास घेण्याची रीत आहे आणि ती कुठल्याही कारागिराने मारू नये. दुसरी गोष्ट म्हणजे सप्तकांचं माप चुकणं. खालचा सा जुळवला की दोन सप्तकं वरचा सा कणसूर. याला स्वभाव म्हणता येत नाही, कारण त्यावर सरळ धूनही वाजत नाही.

कारण साधं आहे. अशा सिंथमध्ये एका सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे एका अर्धस्वराला सुमारे ८३ मिलिव्होल्ट आणि त्याच्या शंभराव्या भागाला, एका सेंटला, १ मिलिव्होल्टहूनही कमी. आत हा व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या जोडीकडे जातो. तिथे साधारण १८ मिलिव्होल्टने प्रवाह दुप्पट होतो, पण हा आकडा तापमानाबरोबर बदलतो, अंशाला सुमारे ०.३३ टक्के. म्हणजे एका अंशाने दर सप्तकाला जवळपास ४ सेंट, आणि पाच सप्तकं लांब गेलात तर २०. वीस सेंट कुणालाही ऐकू येतात. म्हणून अशा बऱ्याच सिंथमध्ये तिथे एक खास रेझिस्टर असतो, ज्याचा रोध तापमानाबरोबर तेवढ्याच प्रमाणात वाढतो, आणि तो ट्रान्झिस्टरला चिकटलेला असावा लागतो, दोघांना एकच ऊब मिळावी म्हणून.

माझ्याकडे एक जुना एक-व्हॉइसचा सिंथ आला होता. मालक सांगायचे की हा मूळचाच लहरी आहे, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. उघडून पाहिलं तर आधी कुणीतरी दुरुस्ती करताना त्या खास रेझिस्टरच्या जागी साधा रेझिस्टर लावला होता, आणि तोही ट्रान्झिस्टरपासून बोटभर दूर. अनेक वर्षं ती चूक ‘जुन्या वाद्याचा स्वभाव’ म्हणून नांदत होती. योग्य रेझिस्टर लावला, थर्मल पेस्ट घालून चिकटवला, अर्धा तास गरम होऊ दिला, पॉवर सप्लायचे व्होल्ट तपासले आणि मगच ट्रिमरला हात लावला. खालचा सूर एका ट्रिमरने, वरचा दुसऱ्याने, परत खालचा, परत वरचा, पाच-सहा फेऱ्या. त्यानंतरही तो थोडा हलतो. तेवढा तो पहिल्या दिवसापासून हलत असणार.

माझ्या लेखी मोजपट्टी हीच आहे: वाद्य कारखान्यातून बाहेर पडलं त्या दिवशी कसं होतं. आज कसं आहे, ही नाही. त्यामुळे कधी कधी मी हात मागेही घेतो. एआरपी कंपनीच्या ओडिसी या सिंथच्या नंतरच्या प्रतींमधल्या ४०७५ फिल्टरमध्ये काही भागांची मूल्यं मुळातच चुकली होती, आणि तो साधारण १२ किलोहर्ट्झच्या वर उघडत नाही. चार-दोन रेझिस्टर बदलून तो पूर्ण उघडता येतो, हे सगळ्या कारागिरांना ठाऊक आहे. एका मालकांनी ते करायला सांगितलं तेव्हा मी त्यांना थांबवलं. ती चूक पहिल्या दिवसापासूनची आहे, लोकांनी ओडिसीचा आवाज म्हणून जे ऐकलं ते तिच्यासकटच. रोलँडच्या १९८० च्या टीआर-८०८ या तालयंत्रात तर ठरलेल्या मापात न बसलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम निवडून लावले होते, आणि त्याच्या आवाजातली ती सळसळ तिथूनच येते. तिथे कुणी ‘चांगला’ ट्रान्झिस्टर लावला तर तुमच्याबरोबर मीही विरोध करेन.

आता तुमचा पॉलिसिक्स.

१९८१ च्या या वाद्यात आवाजांच्या ३२ मांडण्या साठवून ठेवायला केएलएम-३६७ नावाच्या बोर्डवर एक निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ही बॅटरी फुटते. आतलं अल्कली बाहेर झिरपतं आणि बोर्डवरचा तांब्याचा मार्ग खात जातं, हिरव्या थराखालून, वरून दिसणार नाही अशा रीतीने. वाद्य बंद असलं तरी हे थांबत नाही. बारा वर्षं कपाटात असलेला पॉलिसिक्स जसा होता तसा राहिलेला नाही, बॅटरी आधी कुणी बदलली नसेल तर बहुतेक आतून कुरतडला जातो आहे.

कृपा करून या आठवड्यात उघडा. प्लग काढून ठेवा, थोडा वेळ जाऊ द्या, आणि सुरू करून पाहण्याचा मोह आवरा. बॅटरीच्या आसपास पांढरी किंवा हिरवट-निळी पूड दिसली, जवळच्या चिपचे पाय काळे पडलेले दिसले, तर आधी स्पष्ट फोटो काढा. मग बॅटरीचे पाय कापून ती बाहेर काढा, हातात मोजे घालून. कापसाच्या काडीला पांढरा व्हिनेगर लावून डाग पुसा. अल्कली असल्यामुळे तो फेसाळेल आणि शांत होईल. त्यावर डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्या. नंतर मल्टिमीटरने त्या भागातला प्रत्येक मार्ग जोडलेला आहे का ते तपासा, कारण डोळ्यांना शाबूत दिसणारा मार्गही आतून तुटलेला असतो. नवीन बॅटरी म्हणून लिथियमची नाण्यासारखी बॅटरी होल्डरसकट लावता येते, पण जुनी बॅटरी चार्ज होणारी होती आणि ही नाही, म्हणून चार्जिंगची वाट डायोडने (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाने) अडवायलाच हवी. तेवढं स्वतः जमणार नसेल तर बॅटरी काढून थांबा. बॅटरीशिवाय पॉलिसिक्स फक्त साठवलेले आवाज विसरतो, हाताने लावलेला आवाज मात्र वाजवतो.

बॅटरी कोरडी आणि बोर्ड स्वच्छ निघाला तर तसं कळवा, मला फार आनंद होईल. तसं नसेल तर पुसण्याआधी काढलेला फोटो इथेच टाका. कुठले मार्ग आधी तपासायचे ते मी त्यावर खुणा करून सांगतो.