उतरायचं कधी ते आधी ठरवा

थंडी पडली की आमच्या नागपूरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एकच बेत घोळत असतो. सायकलनं रामटेक, पायी गडावर, संध्याकाळी घरी. बेत चांगलाच आहे. पण चर्चा होते ती किती किलोमीटर, किती वाजता निघायचं याची. परत किती वाजता फिरायचं, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं आहे, आधी तेच ठरवा.

गेल्या डिसेंबरात आम्ही तिघं गेलो. जाताना कामठी, कन्हान, मनसर सगळं मजेत झालं. सायकली खाली कुलूप लावून ठेवल्या आणि पायऱ्या चढायला लागलो. माझ्या पायात सायकलिंगचे कडक तळव्याचे बूट. झिजलेल्या दगडी पायरीवर ते असे सरकायचे की उतरताना मी भिंतीला धरून, एकेक पाऊल आडवं टाकत आलो. गुडघे तिथेच बोलायला लागले. खाली येऊन पाहतो तर वानरांनी सीटखालची पिशवी फाडलेली, शेंगदाणे गेलेले आणि पंक्चरचं सामान धुळीत पसरलेलं.

तरीही कोणीतरी म्हणालं, ‘इतक्या दूर आलोच आहे तर नगरधनचा किल्ला करून घेऊ.’ आणि आम्ही गेलो! शेवटी परतीला लागलो तेव्हा चार वाजून गेले होते. कन्हानच्या अलीकडे मिट्ट अंधार, बाजूनं ट्रक, तिघांत मिळून एक धड लाईट. चहावाले काका म्हणाले, “भाऊ, अंधार पडून राहिला, आता कुठं जाता?” त्या रात्री घरी पोचेपर्यंत मी खरोखर घाबरलेलो होतो.

हिशेब साधा होता. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रामटेक ते घर साधारण 50 किलोमीटर. थकलेल्या पायांनी ताशी 18 धरले तरी पावणेतीन तास. म्हणजे अडीचला सायकलवर बसायलाच हवं. त्याच्या आत जे बसेल तेच करायचं, नगरधन पुढच्या खेपेला.

पायी चालण्याचाही एक जुना आडाखा आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो 1892 मध्ये मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. आपल्या मापात 5 किलोमीटरला एक तास, 600 मीटर चढाला एक तास. पण हा ताज्या पायांचा हिशेब. सायकलवरून उतरलेल्या माणसानं त्यात भर घालायला हवी. परतवाड्याहून सायकलनं चिखलदऱ्याचा घाट चढून मग गाविलगड पायी फिरणार असाल तर नक्कीच. चढताना मांड्या दमतात, किल्ल्यावरून उतरताना भार गुडघ्यांवर येतो आणि घाट उतरताना हात ब्रेक दाबून दाबून बधिर होतात. एवढ्यासाठी तिथं एक रात्र मुक्काम करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

या रविवारी आम्ही पुन्हा रामटेकला चाललोय. सव्वासहाला ऑटोमोटिव्ह चौकात भेटू. साधे बूट घाला, पुढचा-मागचा लाईट चार्ज करून आणा, खाऊ पाठीवरच्या पिशवीत ठेवा. अडीचला परत निघणार, गड अर्धा राहिला असला तरी.