‘ज्यांना शिकवता येत नाही…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वर्गात शिकवता शिकवता मला अध्यात्म कसं कळत गेलं, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली आपण ‘एक पालक’ या नावाने प्रतिक्रिया दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं की सरकारी शाळेत अध्यात्माला जागा नाही, मास्तरांनी संविधानाचं कलम २८ वाचावं. पाचवीतल्या मुलांना वजाबाकी येत नाही असे अहवाल येतात, त्यावर लिहावं. लेख फार लांबला आहे. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य : ‘ज्यांना शिकवता येत नाही, त्यांनाच वर्गात अध्यात्म दिसतं.’

लेख लांबला, हे मान्य. वडिलांच्या वारीचा परिच्छेद निम्म्यावर आणता आला असता. आपण एवढंच लिहिलं असतं तर आभार मानून मोकळा झालो असतो.

पण ते शेवटचं वाक्य मला सोडवत नाही. आपण मला ओळखत नाही, माझी शाळा पाहिलेली नाही, माझ्या वर्गातल्या एकाही लेकराशी बोललेला नाहीत. तरीही मला शिकवता येत नाही, हा निकाल आपण देऊन टाकला. मतभेद असू द्यात, त्याला माझी ना नाही. मात्र ज्या माणसाचं उभं आयुष्य खडूच्या धुळीत गेलं, त्याच्याशी बोलण्याची ही रीत नाही. गावाकडे चावडीवर भांडणारी माणसंसुद्धा आधी समोरच्याचं ऐकून घेतात, मग बोलतात.

आपण वजाबाकीचा विषय काढलात, तर वजाबाकीबद्दलच बोलू. माझ्या लेखात तीच होती, आपल्या नजरेतून सुटलेली दिसते.

५२ वजा २७. तिसरीतला एक मुलगा पाटीवर उत्तर लिहितो ३५. लाल खडूने फुली मारून पुढच्या मुलाकडे जायला काही क्षण पुरतात, आणि चाळीस मिनिटांच्या तासिकेत, दोन इयत्ता एकत्र बसवलेल्या वर्गात, तो मोह रोज होतो. मी त्याच्याजवळ खाली बसलो आणि म्हटलं, ‘कसं केलंस, मला सांग.’ तो म्हणाला, ‘दोनातनं सात जात न्हाईत गुरुजी, म्हून सातातनं दोन काढले.’ मोठ्यातून लहान जातं, हे त्याला पहिलीपासून पक्कं ठाऊक होतं. त्या नियमाला तो इमानाने धरून होता. पाच एककाच्या घरात, पाचातून दोन गेले, तीन दशकाच्या घरात. त्याच्या पाटीवर एकही आकडा उगाच आलेला नव्हता.

मग काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात मागितल्या. तो आधी सुट्या दोन काड्यांकडे बघत बसला, मग गठ्ठ्यांकडे, मग माझ्याकडे. मी काहीच बोललो नाही. हे न बोलणं फार अवघड असतं, कारण उत्तर आपल्या जिभेवर असतं आणि पलीकडे चौथीची पोरं गलका करत असतात. बऱ्याच वेळाने त्याने स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं. दशक सुटला. बारातून सात दिले, पाच उरले, चार गठ्ठ्यांतले दोन दिले. पंचवीस. हातचा म्हणजे काय, हे त्या दिवसानंतर त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

मी अध्यात्म म्हणालो ते याला. ‘मला येतं’ हा जो मास्तरकीचा ताठा असतो, तो बाजूला ठेवून आठ वर्षांच्या पोराच्या विचाराच्या मागे मागे जायचं. त्याची चूक ही त्याची बुद्धी आहे, हे ओळखायचं. जीभ आवरायची. हे सगळं मला करायचं होतं, त्या मुलाला नव्हे. मी मुलांना श्लोक पाठ करायला लावतो, असं माझ्या लेखात कुठे लिहिलं होतं? तिथला विद्यार्थी मी आहे. कलम २८ राज्याच्या पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देण्याला मनाई करतं. मास्तराच्या मनात काय उमटतं, त्याला ते मनाई करत नाही. त्या मुद्द्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करण्याचं कारण दिसत नाही.

आता ‘ज्यांना शिकवता येत नाही’ यावर. साने गुरुजींना शिकवता येत नव्हतं का? अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. साने गुरुजी त्या गावी आले ते तिथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला. नंतर १९२४ मध्ये ते त्याच गावातल्या शाळेत शिक्षक झाले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत तिथेच राहिले. वसतिगृहाची जबाबदारी होती, तर मुलांच्या खोल्या स्वतः झाडायचे, त्यांचे कपडे आवरून ठेवायचे. मुलांसाठी हाताने लिहून रोजचं दैनिक काढायचे. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, तेव्हा ते सगळं लिहून घेणारा हात याच मास्तरांचा होता. वर्ग आणि अध्यात्म या दोन वेगळ्या वाटा आहेत, असं या माणसाला कधी वाटलं नाही. मी त्यांच्या पायाशी बसण्याच्याही लायकीचा नाही. पण आपलं वाक्य खरं मानायचं तर ते आधी त्यांना लागू होतं, मग मला. तेवढं तरी बोलण्याआधी ध्यानात घ्यायला हवं होतं.

माझ्याबद्दलही थोडं सांगतो, कारण तुम्ही ते विचारलं नाहीत, गृहीत धरलंत. माझे वडील कोरडवाहू शेतकरी, माळकरी. सही येत नव्हती, हरिपाठ तोंडपाठ. मी डी.एड. करून शिक्षणसेवक म्हणून लागलो तो बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर. खोली एक, इयत्ता चार. दसरा-दिवाळी झाली की निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्याला निघायची, बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत, भांड्यांच्या पोत्यांवर लेकरं बसलेली. आम्ही त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचो, म्हणजे जातील तिथल्या शाळेत बसता यावं. काही बसायची. बरीचशी उसाच्या फडात धाकटी भावंडं सांभाळत राहायची. नंतर हंगामी वसतिगृहं आली, आजीपाशी थांबलेल्या पोरांना दोन वेळचं जेवण मिळू लागलं, थोडा फरक पडला. पुरेसा पडला असं मी म्हणणार नाही.

त्या ट्रॉलीतून एक मुलगी गेली होती. तिला नुकतं जोडाक्षर वाचता यायला लागलं होतं. ‘प्र’, ‘र्क’, ‘त्र’ दिसेल तिथे मोठ्याने वाचायची, खताच्या पोत्यावरचंसुद्धा. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत आली तेव्हा ‘क’ आणि ‘फ’ मध्ये गोंधळत होती. पुन्हा मुळाक्षरापासून. पुढच्या दिवाळीला पुन्हा ट्रॉली. फळाची आशा न धरता काम कर, हे वडील सांगायचे तेव्हा ते मला कीर्तनातलं वाक्य वाटायचं. त्या मुलीला दुसऱ्यांदा ‘क’ काढून देताना ते मला कळलं. ते कळलं नसतं तर मी केव्हाच बदलीचा अर्ज टाकून जिल्ह्याच्या गावाजवळची शाळा पकडली असती, जनगणना आणि निवडणुकीची कामं करत दिवस ढकलले असते. कुणी मला विचारलंही नसतं. तुम्हीही नाही.

तुम्हाला हे अध्यात्म वाटत नसेल तर दुसरं नाव द्या, माझी हरकत नाही. पण ही शिकवता न येणाऱ्या माणसाची पळवाट आहे, असं म्हणू नका. पळवाट शाळेबाहेर जाते. मी सांगतो ती गोष्ट मला रोज त्याच खोलीत परत आणते.

अहवालांबद्दल एवढंच : ते मीही वाचतो, आणि त्यातली मुलं मला आकड्यांत दिसत नाहीत, ती माझ्यासमोर बसलेली असतात. शिक्षकांची पदं रिकामी का आहेत, एकाच माणसाने खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती आणि चार इयत्ता कशा सांभाळायच्या, हे प्रश्न तुम्ही तिकडे विचारा, जिथे त्यांची उत्तरं द्यायला माणसं नेमलेली आहेत. माझ्या लेखाखाली नको.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. नाव न लावता लिहिलंत, तो आपला प्रश्न. पण आपण पालक आहात, म्हणजे घरात एक लेकरू आहे. आज संध्याकाळी त्याला हातच्याची एक वजाबाकी घाला. चुकलं तर लगेच बरोबर उत्तर सांगू नका, ‘कसं केलंस’ एवढंच विचारा आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प बसा. मग मला लिहा. कितीही लांब लिहिलंत तरी मी शेवटपर्यंत वाचेन.