साक्षीदार फुटला म्हणजे केस मेली?

‘पोलिसांपुढे दिलेला जबाब हाच खरा पुरावा. साक्षीदार कोर्टात उलटला की केस मेली. आणि शिक्षेसाठी निदान दोन प्रत्यक्षदर्शी लागतातच.’ गाजलेल्या खटल्यात आरोपी सुटला की हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. त्यातलं एकही विधान खरं नाही.

पहिलं तर मुळातच चूक. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायलाच कायद्याची मनाई आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 162 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181. पुरावा ठरते ती शपथेवर, न्यायाधीशांपुढे दिलेली साक्ष: आधी सरतपास (साक्षीदार आणणाऱ्या पक्षाच्या वकिलाचे प्रश्न), मग उलटतपास (विरुद्ध पक्षाच्या वकिलाचे), लागलाच तर फेरतपास (पुन्हा पहिल्या वकिलाचे). सरतपासात वादाच्या मुद्द्यावर सूचक, म्हणजे उत्तर सुचवणारे, प्रश्न चालत नाहीत. ‘आरोपीच्या हातात कोयता होता ना?’ असं सरकारी वकिलांनी विचारलं की बचावाचे वकील उठलेच म्हणून समजा.

मग त्या जबाबाचा उपयोग काय? साक्षीदाराला खोटं पाडायला. तो ‘मी कुणालाच पाहिलं नाही’ म्हणाला, की न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतात. जबाबातला नेमका मजकूर त्याच्यापुढे ठेवतात. ‘असं मी सांगितलं नव्हतं, पोलिसांनी का लिहिलं सांगता येणार नाही,’ हे ठरलेलं उत्तर येतं. तेवढ्या मजकुराला ‘भाग अ’ अशी खूण होते. पुढे तपासी अंमलदाराची साक्ष निघते तेव्हा त्याला तोच भाग दाखवतात. ‘साक्षीदाराने सांगितलं तसंच मी लिहिलं’ असं त्याने सांगितलं की विसंगती सिद्ध होते. सिद्ध होते ती विसंगतीच, आरोपीने हल्ला केला हे नव्हे. आणि अंमलदाराला हा प्रश्न विचारायचाच राहून गेला, तर सगळी मेहनत पाण्यात. राहतोही.

साक्षीदार फितूर झाला म्हणून त्याची अख्खी साक्ष पुसली जात नाही. त्यातला विश्वासार्ह भाग, इतर पुराव्याचा आधार पाहून, न्यायालय स्वीकारू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने सतपाल खटल्यापासून हे वारंवार सांगितलं आहे.

दोन प्रत्यक्षदर्शींची अट कायद्यात नाहीच. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 134 साक्षीदारांची संख्या ठरवत नव्हतं, नव्या साक्ष अधिनियमाचं 139 ही ठरवत नाही. 1957 च्या वडिवेलू थेवर खटल्यात फाशी कायम झाली ती एका साक्षीदाराच्या भरवशावर.

चिडायचंच असेल तर तारखांवर चिडा. पंजाबमधल्या विनोदकुमार लाचखटल्यात एका साक्षीदाराचा सरतपास झाला आणि उलटतपास एक वर्ष आठ महिन्यांनी. तोवर तो फिरला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली, पण सरतपासानंतर उलटतपासाला इतकी लांबची तारीख देण्यावर ताशेरे ओढले. उलटतपास शक्यतो त्याच दिवशी व्हावा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय.