काखेत पब, गावाला वळसा

सकाळी पावणेअकराला आम्ही पबच्या दारात उभे होतो आणि पब बंद होता. बारा वाजता उघडणार, अशी पाटी होती.

"मग तोवर काय करायचं?" मी विचारलं.

"चालायचं," आमच्या शेजारी राहणारे इंग्रज काका म्हणाले.

"कुठे?"

"इथेच."

ते थट्टा करत नव्हते. पबपासून निघायचं, शेतं, कुरणं, एक टेकडी आणि एक जंगल ओलांडून पाच मैल चालायचं आणि शेवटी त्याच पबच्या त्याच दारात यायचं. इंग्लंडात राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली, पण रविवारी सकाळी लाखो सुशिक्षित माणसं हा उद्योग आपखुशीने करतात, हे मी तोवर अंगाला लावून घेतलं नव्हतं. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. इथे त्या वळशाची पुस्तकं छापतात आणि कळसा कुठे आहे ते पहिल्याच पानावर सांगतात.

माझी आई तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती. तिला "खरं इंग्लंड" दाखवायचा विडा काकांनी उचलला होता. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, डावा गुडघा बदललेला. आई एकाहत्तरची, दोन्ही गुडघे मूळचे. मी अठ्ठेचाळीसचा आणि माझ्या गुडघ्यांबद्दल न बोललेलंच बरं. बायकोचं शनिवारी रात्रीच डोकं दुखायला लागलं होतं. ती या देशात माझ्यापेक्षा दोन वर्षं जुनी आहे, तिला अनुभव जास्त.

"म्हणजे गुत्त्यापासून निघायचं आणि गुत्त्यात यायचं?" आईने मराठीत खात्री करून घेतली.

"गुत्ता नाही गं, पब. लहान मुलं, आज्या, कुत्री, सगळे येतात. जेवण मिळतं."

"किती वाजता?"

हा प्रश्न त्या दिवसातला सर्वांत शहाणा प्रश्न होता. काकांनी एक वाजताचं टेबल सांगून ठेवलं होतं. पबचं किचन अडीचला बंद होणार होतं. आणि हिशेब चोख होता. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने नियम घालून दिला आहे: तीन मैलांना एक तास, शिवाय दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आमचे पाच मैल आणि सहाशे फूट चढ, म्हणजे एक तास अठ्ठावन्न मिनिटं. पावणेअकराला निघालो की बारा त्रेचाळीसला दारात. उरलेली सतरा मिनिटं बुटांचा चिखल काढायला. नेस्मिथसाहेबांच्या नियमात माझ्यासारख्या माणसाची तरतूद नाही, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

रेडिंगहून अर्ध्या तासावर चिल्टर्न टेकड्या लागतात. खाली खडू, वर गारगोट्यांनी भरलेली चिकणमाती. ऑक्टोबरचा पहिला रविवार, आदल्या रात्री पाऊस. काकांच्या पायात घोट्याच्या वर येणारे, तेल दिलेले बूट होते. आईच्या पायात पुण्याहून आणलेले स्पोर्ट्स शूज, वर सुती साडी, त्यावर माझ्या बायकोचं जाकीट. माझ्या पायात पांढरेशुभ्र स्नीकर्स होते. पहिल्या दोनशे पावलांत ते चॉकलेटी झाले आणि त्यानंतरच्या दोनशेत प्रत्येकी किलोभर जड.

पहिलं कुंपण आलं. त्यावर चढायला दोन्ही बाजूंना एकेक आडवी फळी आणि धरायला एक खांब. याला स्टाइल म्हणतात. माझी त्यावरची स्टाइल पाहून काकांनी विनम्रपणे मान वळवली. आई कोकणातली, गडग्यांवरून उड्या मारत शाळेत गेलेली. तिने निऱ्या एका हातात धरल्या आणि ती पलीकडे उतरलीसुद्धा. मी अजून फळीवर उभा राहून कुठला पाय आधी टाकायचा, याचा विचार करत होतो.

पुढे एक वेगळंच दार लागलं. अर्धगोल कठडा, त्यात अडकवलेलं झुलतं फाटक. माणूस वळून जातो, गुरं अडकतात. काका थांबले आणि त्यांनी कौतुकाने माहिती सांगितली: हे किसिंग गेट. फाटक दोन्ही बाजूंना खांबाला नुसतं टेकतं, म्हणून हे नाव. पण रिवाज असा, की आधी पलीकडे गेलेल्याने मागच्याकडून एक मुका घेतल्याशिवाय फाटक सोडायचं नाही. एवढं बोलून ते माझ्याकडे वळले. मी भाषांतर करावं, अशी अपेक्षा होती.

"हे फिरतं फाटक आहे," मी आईला म्हटलं.

"एवढं मोठं बोलले ते, आणि तू चार शब्दांत संपवलंस?"

"गुरं अडवायला असतं."

"गेट कळलं मला," आई शांतपणे म्हणाली, "आणि आधीचा शब्दही कळला. चल पुढे."

मग शेत आलं. नांगरलेलं, आणि त्याच्या बरोबर मधोमध पायवाट. आई बांधावरून जायला लागली तर काकांनी तिला परत बोलावलं. वाट शेतातूनच आहे, आणि ती आपली आहे! मालकाने शेत नांगरलं तरी वाट पुन्हा करून द्यायची, असा कायदा. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे २,२५,००० किलोमीटर आहेत. आईचा विश्वासच बसेना. आमच्या आजोळी हातभर बांधासाठी दोन सख्खे भाऊ सत्तावीस वर्षं कोर्टात होते. इथे कोणीही परका उठतो आणि दुसऱ्याच्या गव्हातून हक्काने पब गाठतो.

"हे काही सुखासुखी मिळालेलं नाही," काका म्हणाले. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे कामगार डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसले. ते पठार जमीनदारांनी शिकारीसाठी राखलं होतं. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. (त्याच १९३२ साली लंडनचं महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. आपली माणसं तेव्हा हॉल शोधत असणार.) पायवाटांची अधिकृत नोंद करायला लावणारा कायदा त्यानंतर सतरा वर्षांनी, १९४९ साली आला. काकांचा आवाज हे सांगताना जरा भरून आला होता.

"चालले म्हणून पकडलं होय?" आई म्हणाली. "आमच्याकडे त्याच्या दोनच वर्षं आधी मिठासाठी चालले होते. त्यांना विचार, पकडणारे कोण होते."

मी हेही भाषांतर करायचं टाळलं असतं, पण काकांना 'दांडी' हा शब्द कळला असावा. पुढचा पाव मैल कोणी काही बोललं नाही.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते वळूमुळे. कुरणाच्या दारावर पाटी होती: आत वळू आहे. मी तिथूनच परतायला तयार होतो. काकांनी मला १९८१ चा कायदा समजावला. पायवाट असलेल्या कुरणात दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा वळू सोडायला बंदी आहे. जर्सी, गर्न्सी, एअरशर वगैरे जातींचे वळू म्हणे फार तापट. पण मांसासाठी पाळलेल्या जातीचा वळू चालतो, फक्त सोबत गाई पाहिजेत. थोडक्यात, एकटा वळू नको, संसारी वळू चालेल. आता समोरून धावत येणारा वळू जर्सी आहे की संसारी, हे मी कसं ओळखायचं? मला खिल्लार आणि म्हैस यांतलाही फरक दोन वेळा बघितल्यावर कळतो.

वळू दूर बसून रवंथ करत होता. संसारी माणसासारखाच, कशातच लक्ष नसलेला. पण त्याच्या घरची मंडळी चौकस निघाली. दहा-बारा गाई उठल्या आणि आमच्या मागे चालायला लागल्या. काका म्हणाले, पळायचं नाही. आई म्हणाली, "हॅट्, हॅट्!" गाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडायला अख्खं घर निघावं, तशा त्या थेट पलीकडच्या फाटकापर्यंत आल्या आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत तिथेच उभ्या होत्या. मी चार वेळा मागे वळून पाहिलं.

टेकडीच्या माथ्यावर काका एकदम थबकले आणि त्यांनी दुर्बीण काढली. आकाशात मोठा तांबूस पक्षी, दुभंगलेली शेपटी. इंग्लंडातून हा पक्षी पार संपला होता. १९८९ पासून स्पेनहून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, तेव्हा कुठे पुन्हा दिसायला लागला. काकांनी दुर्बीण अदबीने आईच्या हातात दिली.

आईने पाहिलं. "घार आहे," ती म्हणाली. "मासळीबाजारात डोक्यावर घिरट्या घालतात मेल्या. कोणी दुर्बीण आणत नाही."

पण मग ती तिथे दहा मिनिटं बघत उभी राहिली, हेही सांगायला हवं.

बारा वाजले होते. निम्मं अंतर झालं होतं. आणि इथे काकांनी, मला आजचा दिवस आवडावा या भल्या हेतूने, गळ्यातला नकाशा काढून माझ्या गळ्यात घातला. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी नकाशा, एका किलोमीटरला चार सेंटिमीटर. झाडन् झाड नसलं तरी कुंपणन् कुंपण त्यात असतं. तो एकदा उलगडला की घडीवर पुन्हा येत नाही. वाऱ्यात तर तो धुतलेल्या चादरीसारखा तोंडावर बसतो. मी मोबाइल बाहेर काढला, पण दरीत रेंज नव्हती. तेव्हा नकाशावर बोट ठेवून, चेहऱ्यावर आत्मविश्वास आणून, मी बीच नावाच्या झाडांच्या जंगलात शिरलो.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही खाचखळग्यांतून आणि काटेरी झुडपांतून चाललो. वाट बिकट होती, पण नकाशावर ठिपक्यांची रेघ स्पष्ट दिसत होती. एका ओढ्यात पाय गेल्यावर काकांनी नकाशा मागून घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. इंग्रज माणूस बराच वेळ बोलत नाही, तेव्हा काहीतरी भयंकर झालेलं असतं.

"पायवाटेच्या रेघा हिरव्या असतात," शेवटी ते म्हणाले. "ही काळी आहे. ही गावाची हद्द."

म्हणजे चाळीस मिनिटं मी दोन गावांच्या सीमेवरून चाललो होतो. तलाठ्याने सातबाऱ्यावर मारलेल्या रेघेवरून कोणी चालत जावं, तसा. खरी वाट हाकेच्या अंतरावर होती आणि तिथे दर पन्नास पावलांवर झाडाच्या बुंध्यावर पांढरा बाण रंगवलेला होता.

मग नेटल नावाच्या आग करणाऱ्या झुडपाला माझा हात लागला. काकांनी डॉकचं पान शोधून चोळायला दिलं. हा इथला आजीबाईचा बटवा. आग होत राहिली, फक्त आता ती हिरव्या रंगाची झाली. तेवढ्यात आई मागे राहिली. कुंपणाला काळीभोर ब्लॅकबेरी लगडलेली पाहून तिला करवंदांची जाळी आठवली होती आणि ती पदराचा ओचा करून तोडत होती. काकांनी धावत जाऊन तिला थांबवलं. २९ सप्टेंबरला सेंट मायकलने सैतानाला स्वर्गातून खाली ढकललं, तो नेमका ब्लॅकबेरीच्या काट्यांत पडला. तेव्हापासून त्या तारखेनंतर तो या फळांवर थुंकतो.

मी हे शब्दशः भाषांतर करून सांगितलं.

"धुऊन घेऊ," आई म्हणाली आणि पुन्हा तोडायला लागली.

शेवटचा मैल आई आणि काका पुढे, मी मागे. त्यांचं आता माझ्याशिवाय, दोघांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाललं होतं. एक इंग्रजी मोडकी होती म्हणून, आणि दुसरी समोरच्याला कळावी म्हणून मुद्दाम मोडलेली. आई आळंदी ते पंढरपूर पायी गेली आहे, साधारण २५० किलोमीटर, हे ऐकून काका रस्त्यातच उभे राहिले.

"आणि शेवटी पब असतो?"

"शेवटी देव असतो. पण भेटायला रांग असते."

"आमच्याकडेही असते," काका म्हणाले, "फक्त ती दिसत नाही."

मी पबमध्ये शिरलो. आत पाटी होती. ती वाचायला मान वर केली आणि कपाळ तुळईवर आपटलं. पाटीवर लिहिलं होतं, डोकं सांभाळा. बूट दाराशी काढून आम्ही तिघं मोज्यांवर गालिच्यावरून काउंटरपर्यंत गेलो. घड्याळात दोन वाजून सदतीस मिनिटं झाली होती. काउंटरमागची मुलगी अतिशय गोड हसली आणि म्हणाली, किचन बंद झालं.

"सात मिनिटंच झाली आहेत," मी म्हटलं. माझ्या आवाजात कंप होता. शेजारच्या टेबलावर एक कुत्रा मालकाच्या ताटातलं रोस्ट खात होता.

"वेळ म्हणजे वेळ," आई मागून म्हणाली. सबंध दिवसात इंग्लंडबद्दल तिने मनापासून काढलेला हा पहिला चांगला उद्गार.

काकांनी स्वतःसाठी आणि माझ्यासाठी बिटर घेतली. ही बिअर तळघराच्या तापमानाला देतात, म्हणजे बारा अंश, म्हणजे आपल्या हिशेबाने कोमट. मी ५६८ मिलिलिटर एका दमात संपवली आणि कोमटपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. आईला लाइम सोडा. आणि जेवण म्हणून वेफर्सची चार पाकिटं. काकांनी ती इथल्या पद्धतीप्रमाणे पोटातून उभी फाडून टेबलावर पसरली, सगळ्यांनी मिळून खायला.

आईने पर्समधून एक पुडी काढली. लसणाची चटणी. ती प्रवासात तिच्याबरोबर असतेच. तिने वेफर्सवर ती नीट भुरभुरवली. काकांनी एक उचलला, खाल्ला, डोळे पुसले, पाण्याऐवजी बिटर प्यायले आणि दुसरा उचलला. तिसऱ्या पाकिटाच्या वेळी ते म्हणाले, पुढच्या रविवारी टेम्सकाठचा एक सुंदर वळसा आहे, सहा मैलांचा. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. मी सवयीने हात पुढे केला. त्यांनी तो माझ्या हाताला वळसा घालून आईपुढे सरकवला.

आईने चष्मा लावला. हिरव्या रेघेवर बोट ठेवून ती सावकाश सबंध सहा मैल फिरली, एका काळ्या ठिपक्यांच्या रेघेपाशी थांबून माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा पबच्या खुणेशी आली.

"त्यांना विचार," ती म्हणाली, "इथलं किचन किती वाजता बंद होतं."