मावशीच्या गोळ्या बंद करणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परवा मावशीचा फोन. "अगं, चार दिवस झाले, सगळ्या गोळ्या बंद केल्यात. काही त्रास नाही बघ." तिला आमवात आहे, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. कारण काय, तर सगळीकडे फिरणारा तो मेसेज: आमवातासारखा ऑटोइम्यून आजार म्हणजे प्रतिकारशक्ती कमी पडणं, सायटोकाइन हे विष 21 दिवसांत बाहेर काढा, मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध, इंजेक्शनांनी टीबी होतो, म्हणून सगळं आजच थांबवा.

आधी हे "आजच". मावशीने प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळीही सोडली होती! स्टिरॉइड बरेच दिवस घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे तसंच नैसर्गिक संप्रेरक, बनवणं कमी करतं. गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळू शकतो, जीवही जाऊ शकतो. ती हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच कमी करायची असते. आणि "काही त्रास नाही" म्हणाल, तर मेथोट्रेक्सेट या तिच्या आमवातावरच्या औषधाचा परिणाम ओसरायला काही आठवडे लागतात. चार दिवस बरं वाटलं ते सोडलेल्या औषधाच्याच जोरावर. पुढे सूज उसळली आणि हाड झिजलं, तर ते भरून येत नाही.

प्रतिकारशक्ती कमी? इथे तर प्रतिकारशक्तीनेच आपल्या सांध्याला शत्रू ठरवलंय. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. जंतू आला की सुटतात, काम झालं की थांबतात. आमवातात टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 या सायटोकाइनचे निरोप थांबतच नाहीत. सांध्याचं अस्तर सुजत राहतं, हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात. यात प्रतिकारशक्ती आणखी कशाला वाढवायची?

पुरावा हवा तर 1994 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी वाचा. लंडनच्या मैनी आणि फेल्डमन या संशोधकांच्या गटाने 73 रुग्णांवर ती केली. फक्त टीएनएफ अडवणारं औषध शिरेतून एकदाच दिलं. चार आठवड्यांनी जास्त डोस मिळालेल्या 24 पैकी 19 जणांत ठरलेल्या निकषांवर सुधारणा दिसली; नुसतं दिखाऊ औषध मिळालेल्या 24 पैकी दोघांत. निरोप अडवला आणि सूज उतरली.

ते 21 दिवसांचं तर सोडूनच द्या. शरीर सायटोकाइन सतत बनवतं, आणि ती मुळीच नसती तर साध्या जंतूपुढेही आपला टिकाव लागला नसता.

टीबीचं मात्र मान्य करावं लागेल. टीएनएफ टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायला मदत करतं. ते अडवलं की दबलेला टीबी उफाळू शकतो. म्हणून तर टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी त्याची तपासणी करतात, आणि मेसेजने नेमकं तेवढंच गाळलंय. मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हेही खरं, पण आमवातात ते आठवड्यातून एकदाच, फार कमी मात्रेत देतात.

त्याच फोनवर मी मावशीला आधी डॉक्टरांना गाठायला लावलं. प्रेडनिसोलोन त्याच दुपारी पुन्हा सुरू झाली. ज्यांनी तिला मेसेज पाठवला, त्यांनी ज्यांना ज्यांना पाठवलाय त्या सगळ्यांना आता फोन करावेत.