नाताळ २५ ला सुरू होतो हो, संपत नाही!

नोव्हेंबर अर्धा सरत नाही तोच, वसई काय आणि वांद्रे काय, दुकानांतून लाल टोप्या लोंबायला लागतात. दुकानदाराला काय बोलणार, त्याला माल खपवायचाय. संताप येतो तो आपल्याच कॅथलिक मंडळींचा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधी वाट बघायच्या चार आठवड्यांचा, पहिला रविवार उजाडायच्या आत यांच्या गॅलरीत तारा, झाड, लायटिंग सगळं झळकतं आणि २६ ला सकाळी तेच सगळं खोक्यात जातं. म्हणजे सण यायच्या आधीच साजरा करायचा आणि आला की गुंडाळायचा!

आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळच्या रविवारी सुरू होतो. चार रविवार, एकूण २२ ते २८ दिवस. तो दरवर्षी १ डिसेंबरला सुरू होतो हे चर्चने कधी सांगितलं नाही, ते सांगितलं रोज एक खिडकी उघडायच्या २४ खिडक्यांच्या चॉकलेटच्या डब्याने. २०२३ मध्ये तर चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. सकाळी फादरचा झगा जांभळा, रात्री पांढरा. अशा वेळी ‘रात्री येतोयच की’ म्हणून सकाळी दांडी मारणारे निघतातच. नाही चालत. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, वेगळी, नाताळची वेगळी, आणि दोन्ही बंधनकारक. एकीत दुसरी उरकत नाही.

या दिवसांत रविवारच्या मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत. मुद्दाम. मेंढपाळांना देवदूतांनी ऐकवलेलं ते गीत नाताळच्या रात्री घंटांच्या नादात परत यावं म्हणून चार आठवडे गायनमंडळ ते राखून ठेवतं. आणि आम्ही १० डिसेंबरलाच हॉल भाड्याने घेऊन, स्पीकर लावून सगळं गाऊन मोकळे! रात्रीपर्यंत त्या गाण्यात उरतं काय?

आगमनकाळाच्या चक्राचीही, म्हणजे दर रविवारी एक वाढवत पेटवायच्या चार मेणबत्त्यांच्या गोल कड्याचीही, तीच तऱ्हा. तीन मेणबत्त्या जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटवायची, कारण तो आनंदाचा रविवार. पहिली पेटवलेली चारही आठवडे जळते, म्हणून शेवटी चौघींची उंची पायऱ्यांसारखी उतरती दिसायला हवी. चौथ्या रविवारी चारही सारख्या उंचीच्या दिसल्या तर समजावं, चक्र नुसतं शोभेला होतं. काही घरांत पहिल्याच रविवारी चारही पेटतात. फोटो चांगला येतो म्हणे.

आता गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. इथे तर डोकंच फिरतं.

१२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिसने गोठा उभा केला तेव्हा तिथे काय होतं? गवताने भरलेली गव्हाण, एक बैल, एक गाढव. त्या गव्हाणीवर मिस्सा झाली. बस्स. आमच्या गोठ्यात धबधबा लागतो, धबधब्याला पंप लागतो, पंपाच्या टाकीतलं पाणी आटलं की ऐन २४ च्या रात्री तो जळतो, आणि शिंपडलेल्या पाण्याने कागदाचा डोंगर मागून भिजून बसतो तो वेगळाच. वर कापसाचा बर्फ. खाली योसेफाच्या कमरेला लागेल एवढी मेंढी, कारण पुतळे तीन दुकानांतून तीन मापांचे आणलेत. आणि थर्माकोल! महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी तो कुठून पैदा होतो देव जाणे. हिरवळ पाहिजे तर १५-१६ तारखेला पसरट ताटलीत माती घालून नाचणी किंवा गहू दाट पेरा, रोज हाताने पाणी शिंपडा, आठवड्याभरात गवत तयार. जास्त पाणी ओतलं तर मात्र कुजतं आणि वास मारतं.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे बाळ आधीच ठेवणं. गव्हाण नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी असते. बाळयेशू कपाटात. तोवर घरातल्या प्रत्येकाने एखादं चांगलं काम केलं की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची, ही जुनी रीत पोरांना छान कळते. बाळाच्या दर्शनाला दुरून निघालेले तीन राजे तर गोठ्यात असायलाच नकोत, ते अजून वाटेत आहेत. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला फळीवर ठेवा आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवा. पण नाही! गोठ्यांच्या स्पर्धेचे परीक्षक २२-२३ ला येणार, त्यांना ‘पूर्ण’ गोठा दिसला पाहिजे. म्हणून बाळ हजर, राजे हजर, उंट हजर, आणि नाताळच्या रात्री घरात करायला काहीच शिल्लक नाही. समितीवाल्यांनो, परीक्षकांचा दौरा २६ नंतर ठेवायला काय धाड भरलीय?

पापनिवेदनाचं बोलायलाच नको. आगमनकाळात फादर ताटकळत बसतात, तेव्हा सगळे सेलच्या रांगेत. आणि २४ ला दुपारी, सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या तयारीच्या खोलीत, धावपळ चालू असताना, गुच्छ लावायच्या वेळेला हे उगवणार आणि ‘फादर, दोन मिनिटं’ म्हणणार!

रात्रीची मिस्सा मुंबईत बऱ्याच ठिकाणी मैदानात आणि लवकर होते, कारण दहानंतर लाउडस्पीकर बंद. त्यात पहिल्या तीन ओळींतल्या खुर्च्यांवर जागा धरायला रुमाल. विश्वासांगीकारात, म्हणजे मिस्सेत सगळे मिळून श्रद्धा जाहीर करतात त्या प्रार्थनेत, ‘पवित्र आत्म्याने... मनुष्य झाला’ या शब्दांना एरवी आपण मान झुकवतो, पण नाताळला गुडघे टेकायचे असतात. वर्षातून हे फक्त दोनदा, नाताळला आणि २५ मार्चला, देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला त्या सणाला. अख्खा सण त्या एका वाक्यात आहे, देव माणूस झाला! तेव्हा बघा, निम्मे ताठ उभे, हातात मोबाईल, रेकॉर्डिंग चालू. नवी साडी, नवा सूट मळेल ना. आणि शेवटच्या आशीर्वादाआधी सांता वेदीपाशी नाचून चॉकलेटं उधळणार. सांता ज्याच्यावरून आला आणि ६ डिसेंबरला ज्याचा सण असतो तो संत निकोलस बिशप होता हो, लपून दान करणारा.

गोडाचं ताट तरी उरलंय का? कलकल, नेवऱ्या, दोदोल शेजारी वाटायचे. ज्या घरात वर्षात मयत झालं तिथे गोड करत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे ताट आधी जायचं. आता तयार बॉक्स येतो आणि तो जातो साहेबाकडे.

२६ ला संत स्टीफन, पहिला रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेला. झगा लाल. चर्चमध्ये येऊन बघा किती डोकी दिसतात. २८ ला हेरोद राजाने मारलेल्या बाळांचा सण. १ जानेवारीला आठवडा पुरा होतो, देवमातेचा सण, आणि आदल्या रात्री जागलेले निम्मे झोपलेले. गोव्यात चांदरला, रेईस मागूसला ६ जानेवारीला तीन राजांचा सण अजून थाटात होतो. त्याच्याही नंतर येणाऱ्या प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतो. तोवर तारा उतरवू नका, गोठा मोडू नका. वीजबिलाची एवढीच काळजी असेल तर नोव्हेंबरात लावू नका ना!