सुसाट कशाला?

सकाळी चहा घेता घेता फोन उघडला आणि डोकं फिरलं. आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या दिरांनी कोकणातल्या होऊ घातलेल्या सागरी महामार्गाचा व्हिडिओ टाकलाय. ड्रोनमधून दाखवलेला निळाशार समुद्र, मागे ढोलताशे आणि वरून धावणारी अक्षरं : "रेवस ते रेड्डी, किनाऱ्याने सुसाट!" खाडी आली की पूल, पुढची खाडी आली की पुढचा पूल, गाडीतून खाली उतरायचं कामच नाही म्हणे. आणि त्याखाली खास माझ्यासाठी टोला : "वहिनी, आता सायकल भंगारात काढा!" लगेच नणंदा-जावांचे हसून हसून रडणारे चेहरे रांगेने.

भाऊजी, तुम्ही गमतीत म्हणालात हे मला कळतं. तिथे उत्तर दिलं नाही, कारण ते दोन ओळींत मावणारं नाही. म्हणून इथे.

मला फक्त एवढं सांगा, "उतरायचं कामच नाही" हे कुणी कोकणाचं कौतुक म्हणून कसं काय सांगू शकतं? उतरायचं नसेल तर जाताच कशाला? घरीच टीव्हीवर ड्रोन बघा की.

मी आणि माझी शाळेतली मैत्रीण जानेवारीत सुट्टी काढून सायकलवर गेलो होतो, ते इथल्या बहुतेकांना माहीत आहे. पुण्याहून ताम्हिणीने खाली, माणगाव, म्हसळा आणि मग दिवेआगरपासून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला. फोटो टाकले तेव्हा तुम्हीच "वा वा" केलं होतंत. पण फोटोत चढ दिसत नाही. नकाशातही दिसत नाही. नकाशात किनाऱ्याचा रस्ता कसा सरळ, गुणी मुलासारखा दिसतो. प्रत्यक्षात सह्याद्रीच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत आलेल्या आहेत आणि त्यांच्या मधून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशा नद्या समुद्राला मिळतात. म्हणजे गाव समुद्राच्या पातळीवर, माडा-पोफळींच्या सावलीत. गाव संपलं की चढ. छातीवर येणारा. वर पोचलं की जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाचं पठार, उघडं, तापलेलं, वाळलेलं गवत आणि लांबवर एखादं झाड. मग उतार, वळणं, ब्रेक दाबून दाबून बोटं दुखतात, आणि खाली पुन्हा खाडी. दापोलीचंच घ्या. हर्णैचा समुद्र पंधरा-सोळा किलोमीटरवर, आणि गाव आठशे फूट उंचीवर. हे गाडीत बसून कळतच नाही. गाडीत चढ म्हणजे इंजिनाचा आवाज जरा बदलतो, बस्स.

गुहागरच्या पुढे अशाच एका उतारावर माझ्या मागच्या चाकात "टण्" आवाज झाला. चाकाची तार, म्हणजे स्पोक, तुटली. मागे सामानाच्या पिशव्या, त्यात मैत्रिणीने हौसेने घेतलेला कोकम आगळ, सगळा भार मागच्या चाकावर, मग दुसरं काय होणार. चाक इतकं आउट, म्हणजे वाकडं, झालं की ब्रेकला घासायला लागलं. ढकलत ढकलत खालच्या वाडीत आलो. तिथे एक काका सापडले. पडवीतच दुकान. पाटीवर "सायकल दुरुस्ती" अजून वाचता येतं, पण आता मुख्य काम स्कूटरचे पंक्चर आणि होड्यांची इंजिनं. त्यांनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ताई, ही लांबी माझ्याकडं नाय. चिपळूणला गावंल."

मी म्हटलं, झालं, संपली सुट्टी. त्यांनी तुटलेली तार कागदात गुंडाळली, दुपारच्या एसटीला हात केला, कंडक्टरच्या हातात ती पुडी दिली आणि चिपळूणच्या दुकानदाराला फोन लावला. "संध्याकाळच्या गाडीला येतील. बसा आता."

बसलो. ती दुपार या सुट्टीतली सगळ्यात चांगली दुपार होती. व्हिडिओतल्या त्या रस्त्यावर ही दुपार कुठल्या किलोमीटरला येते, ते मला कुणीतरी दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई पुण्यात बसून कोकणी माणसाने मागास राहावं असं सांगतेय. थांबा, येते त्यावर. आधी माझा राग पूर्ण होऊ दे.

दिवेआगरला काय बघितलं माहीत आहे? भरतीच्या वाळूत रुतलेली पांढरी एसयूव्ही, दारं उघडी, गाणी चालू, चार जण ढकलतायत आणि पाचवा शूटिंग करतोय. पाठीमागे वाड्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ याच पट्ट्यावर आदळलं. पिढ्यांच्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. नवीन लावलेली पोफळ फळ धरायला सहा-सात वर्षं घेते. सायकलवरून जाताना दिसतात त्या, जुन्या उंच झाडांमधल्या मोकळ्या जागा आणि त्यात कंबरभर, पुरुषभर वाढलेली रोपं. एका आजींना विचारलं तर त्यांनी कुठल्या कोपऱ्यात कोणतं झाड होतं ते हाताने दाखवलं. सुसाट जाणाऱ्यांना यातलं काय दिसणार? "बीच मस्त, पण डेव्हलपमेंट नाही," असा रिव्ह्यू टाकून मोकळे.

आणि सडे. व्हिडिओत सड्यांना काय म्हटलंय? "मोकळी जागा." अहो, त्या मोकळ्या जागेवर राजापूर-रत्नागिरीकडे कातळशिल्पं आहेत. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे. हत्ती, मासे, माणसं, अजून न उलगडलेल्या चौकटी, जांभ्यात कोरलेल्या. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 मध्ये गेली. काही तर रस्त्याला लागून. आम्ही देवीहसोळला सायकली आडव्या टाकून दुपारभर बघत होतो. रस्ता रुंद करताना जेसीबीवाल्याला कोण सांगणार आहे की बाबा, इथे जरा हळू?

मान्य, सगळेच गाडीवाले असे नसतात. माझे दीरही कचरा पिशवीत घालून घरी आणतात.

पण फेरीबोटीबद्दल जे बोललं जातं त्याने माझं डोकं जास्त फिरतं. "फेरीत वेळ जातो." बागमांडल्याहून पलीकडे वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. तिकडचे लोक या बोटींना जंगलजेटी म्हणतात. दाभोळची फेरी नसेल तर दापोली-खेड-चिपळूण करून गुहागरला यायला शंभराच्या वर किलोमीटर पडतात. बोटीने घोटभर चहाइतका वेळ. आणि त्या वेळात बोटीवर कोण कोण असतं! मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायका, मोटारसायकलवर सिलिंडर बांधलेला पोरगा, बँकेतले साहेब, लग्नाचं वऱ्हाड. सायकल बघून सगळ्यांचा एकच प्रश्न, "एवढ्या लांबून? कशाला?" मैत्रीण सांगायची "व्यायाम", मी सांगायचे "हौस". एकालाही पटलं नाही. एका मावशींनी तर सरळ विचारलं, "घरचे काय बोलत नाहीत?" बोलतात की मावशी, ग्रुपवर बोलतात!

बाणकोटच्या खाडीत आम्ही गेलो तेव्हा पाण्यात अर्धवट पुलाचे खांब उभे होते. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर, हा सागरी महामार्ग ऐकतोय आपण. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, त्याबद्दल माझ्या भाषेवर ताबा राहणार नाही म्हणून लिहीत नाही. आणि मनावर घेतलं की काय होतं तेही बघितलंय. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल ऑगस्ट 2016 मध्ये रात्रीच्या पुरात गेला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या. पुढच्या पावसाच्या तोंडावर, जून 2017 मध्ये, नवा पूल चालू झाला होता. म्हणजे येतं करता. करायचं कुणासाठी, हा प्रश्न आहे.

हं. आता ते काका.

दुपारी त्यांच्या घरी जेवलो. कुळथाचं पिठलं, भात, चुलीत भाजलेला सुका बांगडा. समोर कलमं मोहोराने भरलेली, एक जण पंपाने फवारणी करत होता आणि त्या वासाने मैत्रिणीला शिंका. बोलता बोलता मी माझं नेहमीचं पुराण लावलं, की पूल झाले की तुमची ही शांतता जाणार, गाड्यांचा सुळसुळाट होणार वगैरे. काका ऐकत होते. रिंगवरची घाण काढत होते. मग म्हणाले, "पोर माझी दाभोळात दिलीय."

पहिलं बाळंतपण. रात्री जावयाचा फोन आला, दुखायला लागलंय, आईला घेऊन या. शेवटची बोट सुटून गेलेली. धोपाव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं तर पलीकडे दाभोळचे दिवे दिसतात. मोजता येतात. काका-काकी भाड्याच्या रिक्षाने चिपळूण, तिथून दुसरी गाडी करून खेड, दापोली, दाभोळ. पोचले तेव्हा उजाडलं होतं आणि नातू झाला होता. सगळं नीट झालं, पण काकी म्हणाल्या, "रात्रभर मी गाडीत नवसच बोलत होते. किती बोलले तेच आता आठवत नाय, फेडू कुठले?" आणि हसल्या.

"आमाला पूल पायजे, ताई," काका म्हणाले. "तुमचं बरोबर हाय, पण आमाला पायजे."

यावर मी काय बोलणार होते? गप्प बसले. आत्ता लिहितानाही राग जरा खाली बसलाय, खरं सांगते. काकांना पूल मिळायलाच हवा. उद्या मिळायला हवा. कोकण रेल्वे येत होती तेव्हाही बागा जातील, मोऱ्या तुंबतील म्हणून ओरड झाली होती, आणि 1998 पासून मुंबईचा चाकरमानी गणपतीला रात्रीत घरी पोचतोय, तेही आहेच.

पण भाऊजी, तुमचा व्हिडिओ काकांच्या पुलाबद्दल नाहीये हो! मी तो पुन्हा बघितला, दोनदा. त्यात दाभोळचा दवाखाना नाही, काकी नाही, एसटी नाही. त्यात फक्त मुंबईहून निघालेली एक गाडी आहे आणि गोव्यात पोचलेली तीच गाडी आहे, आणि मधलं सगळं म्हणजे खिडकीबाहेरची शोभा. काकांना लागतो तो पूल दोन पदरी, कडेला चालायला आणि सायकलला जागा असलेला, रात्री दिवे लावलेला, आणि त्यावरून जाणारी एसटी. आपल्याला विकतायत तो आहे वाड्यांच्या पोटातून जाणारा सुसाट रस्ता, जिथे एखादी म्हातारी पलीकडच्या विहिरीवर जायची म्हणजे अंडरपास शोधत जाणार. पहिला मागायच्या नावाखाली दुसरा गळ्यात मारतायत आणि आपण टाळ्या वाजवतोय. सायकलसाठी कडेला दोन हात जागा ठेवा म्हटलं की हसतात. शाळेच्या सुट्टीनंतर गुहागरच्या रस्त्याला उभं राहून बघा एकदा, किती पोरी सायकलवर घरी जातात. हौशी पुणेकरणींसाठी नाही मागत मी ती जागा. बरं, थोडीशी आमच्यासाठीपण.

संध्याकाळच्या गाडीला तारा आल्या. कंडक्टरने खिडकीतूनच पुडी दिली, गाडी पुरती थांबलीही नाही. तीन तारा होत्या, एक बसवायला आणि दोन राखीव. काकांनी चाक उलटं करून, अंगठ्याच्या नखाने ठोके ऐकत ऐकत आउट काढलं, इतकं सरळ की पुण्यातल्या दुकानातही निघालं नव्हतं. आणि पैसे घेतले. नाही, "राहू दे ताई, पाहुणे तुम्ही" वगैरे काही नाही. मजुरी, तारांचे, फोनचे, आणि कंडक्टरच्या चहाचेसुद्धा. जेवणाचे नाही लावले. हिशोब कागदावर लिहून दिला. मला तो माणूस फार आवडला.

तर मंडळी, पुलावर मत द्यायचं असेल तर द्या, पण निदान एकदा त्या रस्त्यावरून पायांच्या जोरावर जाऊन या आणि मग द्या. एवढं चढायचं नसेल तर एसटीने जा. तुमच्यातल्या तिघी-चौघींनी मागेच मेसेज करून विचारलं होतं की जमेल का आम्हाला. जमेल. चढाला उतरून ढकलायची लाज बाळगू नका, आम्ही पुष्कळदा ढकलली. डिसेंबर-जानेवारीतच जा, मार्चपासून सडा भाजून काढतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जा, दुपारचा वारा बहुतेक पाठीमागून मिळतो आणि समुद्र उजव्या हाताला राहतो, रस्ता विचारायचं कामच कमी. मागच्या चाकाच्या मापाच्या जास्तीच्या तारा बरोबर ठेवा, आगळाच्या बाटल्या ठेवू नका. आणि शेवटची बोट किती वाजता ते जेट्टीवरच्या तिकीटवाल्याला विचारा, इंटरनेटवरच्या वेळेवर जाऊ नका.